ए.ए.ची मिटिंग शोधायची कशी? (मुख्यतः जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावांसाठी)

पायवाट

दारू सोडायचं ठरलं की घरचे लोक फोनवर शोधाशोध करतात आणि पहिल्यांदा सापडतात ती दाखल करून घेणारी केंद्रं. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसची, म्हणजे ए.ए.ची मिटिंग फुकट असते, बऱ्याचदा दोन-चार किलोमीटरवर असते, पण ती शोधात वर येत नाही. तिची जाहिरातच नसते. म्हणून हा धागा. ज्यांना या कामाची नीट माहिती आहे त्यांनी भर घालावी. अनुभवकथनासाठी वेगळा धागा आहे, इथे फक्त उपयोगी पडेल ते लिहू या.

आधी थोडक्यात. ए.ए. १९३५ साली अमेरिकेत अॅक्रन इथे सुरू झालं, भारतात १९५७ पासून आहे. भारताचं जनरल सर्व्हिस ऑफिस मुंबईत आहे. सभासद व्हायला एकच अट: दारू सोडायची इच्छा. फी नाही, फॉर्म नाही, आधार कार्ड नाही, डॉक्टरची चिठ्ठी नाही.

शोधायचा क्रम असा:

१. ए.ए. इंडियाच्या वेबसाइटवर राज्य आणि शहर निवडून मिटिंगांची यादी बघा. वार, वेळ, भाषा, पत्ता आणि ओपन की क्लोज्ड एवढं टिपून घ्या. क्लोज्ड म्हणजे ज्याला स्वतःला दारूचा त्रास आहे त्याच्यासाठीच. ओपन मिटिंगला घरचे, मित्र, विद्यार्थी कोणीही बसू शकतं.

२. तिथल्याच हेल्पलाइनला फोन करा. हा टप्पा गाळू नका, कारण कवडसा खाली सांगतीलच.

३. एक नाही, दोन-तीन मिटिंगा टिपा. पहिली बंद निघाली तर त्याच आठवड्यात दुसरी हाताशी हवी.

ठरवल्यापासून पहिल्या मिटिंगपर्यंत जितके दिवस जातात तितका माणूस मागे सरतो. त्यामुळे उद्याची मिटिंग बारा किलोमीटरवर असेल आणि घराजवळची रविवारी असेल, तर उद्याची धरा.

---

कवडसा

यादीबद्दल. यादीतला पत्ता आणि प्रत्यक्ष खोली यांत अंतर पडतं, त्याची कारणं नेहमीचीच आहेत.

बऱ्याच मिटिंगा शाळेच्या वर्गात, चर्चच्या हॉलमध्ये, समाजमंदिरात किंवा दवाखान्याच्या एखाद्या खोलीत भरतात. शाळेतली खोली दिवाळीच्या आणि मेच्या सुट्टीत, दहावी-बारावीच्या परीक्षांच्या काळात आणि मतदानाच्या आदल्या दिवसापासून मिळत नाही. तेव्हा ग्रुप तात्पुरता दुसरीकडे बसतो, आणि ते फक्त नेहमीच्या लोकांना माहीत असतं.

दुसरं, ग्रुपचं नाव हे इमारतीचं नाव नसतं. दारावर त्या नावाची पाटी शोधत फिरू नका. वर्तुळात त्रिकोण असं चिन्ह असलेला छोटा बोर्ड किंवा कागद लावलेला असतो, तोही मिटिंगच्या वेळेपुरता. शाळा असेल तर पुढचं फाटक संध्याकाळी बंद असतं आणि येणं-जाणं मागच्या दाराने होतं. वॉचमनला 'ए.ए.ची मिटिंग कुठे?' एवढंच विचारा. तो रोज हे ऐकतो, पुढे काही विचारत नाही.

फोनवर हे विचारून घ्या:

- ही मिटिंग या आठवड्यात नक्की आहे का, त्याच जागी?
- कोणतं दार, कोणता मजला, जवळची खूण काय?
- भाषा कोणती चालते? यादीत हिंदी लिहिलेलं असलं तरी बोलणं बऱ्याचदा मराठीतच होतं.
- ओपन आहे का, सोबत भाऊ किंवा बायको आली तर चालेल का?
- दारापाशी कोणी भेटेल का?

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. नवीन माणूस इमारतीपर्यंत येतो, जिन्याखाली दहा मिनिटं उभा राहतो आणि परत जातो. दारात कोणी उभं असेल तर आत येतो. ग्रुपला आधी सांगितलं तर कोणीतरी नक्की थांबतं.

हेल्पलाइन सांभाळणारे स्वतः सभासद असतात, पगारी नसतात. उचलला नाही तर तासाभराने पुन्हा करा. संध्याकाळी सात ते साडेआठ या वेळात बरेच जण स्वतःच मिटिंगमध्ये असतात.

---

दुपारचं ऊन

शोधताना जो पहिला नंबर येतो तो 'हो, ए.ए.च आहे' म्हणतो आणि मग दाखल करण्याबद्दल बोलायला लागतो. खरं-खोटं कसं ओळखायचं?

---

कवडसा

सोपं आहे. ए.ए. कोणालाही दाखल करून घेत नाही, औषध देत नाही, पैसे मागत नाही आणि घरी गाडी पाठवत नाही. फोनवर 'पेशंट घरात आहे का, तब्येतीने दांडगा आहे का, रात्री उचलायला माणसं पाठवू का' असं विचारलं तर फोन ठेवून द्या. काही केंद्रांत आठवड्यातून एकदा ए.ए.ची मिटिंग होते, तेवढ्या आधारावर ते नाव वापरतात.

जबरदस्तीने उचलून नेण्याबद्दल: २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारूच्या व्यसनाशी जोडलेले मानसिक त्रासही येतात. माणसाची स्वतःची संमती नसताना दाखल करायचं तर कलम ८९ लागू होतं. संस्था नोंदणीकृत हवी, नामनिर्देशित प्रतिनिधीचा (म्हणजे त्या माणसाच्या वतीने बोलायला ठरवलेल्या व्यक्तीचा) अर्ज हवा, दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासलेलं हवं (त्यातले एक मानसोपचारतज्ज्ञ), आणि मुदत ३० दिवसांपर्यंत. बायकोने फोन केला आणि चौघांनी येऊन जीपमध्ये घातलं, हे त्यात कुठेच बसत नाही.

---

निरांजन

मिटिंगच्या आधीची एक गोष्ट लिहितो. ती चुकली तर जीव जाऊ शकतो.

रोज भरपूर पिणाऱ्याने 'उद्या मिटिंग आहे, आजपासून एक थेंब नाही' असं डॉक्टरला न विचारता करू नये. शरीराला दारूची सवय झालेली असते. ती एकदम तोडली तर ६ ते ८ तासांत हात थरथरणं, घाम, मळमळ, छातीत धडधड सुरू होते. पहिल्या ४८ तासांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान भ्रम होऊ शकतो: अंगावर किडे चालताहेत असं वाटणं, घरच्यांना न ओळखणं, ताप, सैरभैर होणं. ही तातडीची स्थिती आहे. १०८ ला फोन करा. अंगात देव आला, बाहेरचं झालं असं म्हणत रात्र काढू नका.

धोका कोणाला जास्त? सकाळी उठल्यावर हात स्थिर करायला दारू लागते, पूर्वी सोडताना फिट आली होती, जेवण सुटलेलं आहे, कावीळ झालेली आहे, वय जास्त आहे. यातलं एकही असेल तर आधी डॉक्टर, मग सोडणं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागाची ओ.पी.डी. असते, केसपेपर काढून तिथे जाता येतं.

डॉक्टरला 'थोडी घेतो' असं सांगू नका, आकडा सांगा. ३० मिलिलिटर व्हिस्की-रममध्ये सुमारे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं, म्हणजे १८० ची क्वार्टर सुमारे ६० ग्रॅम. ६५० ची स्ट्राँग बिअर ८ टक्क्यांची असेल तर ४० ग्रॅमच्या आसपास. 'मी फक्त बिअर घेतो' म्हणणारा दोन बाटल्यांत क्वार्टरच्या पुढे गेलेला असतो. शेवटचा घोट किती वाजता घेतला तेही सांगा, औषधाचा डोस त्यावर ठरतो.

गल्लीतल्या दवाखान्यात ग्लुकोजची बाटली लावण्याची पद्धत आहे. जास्त पिणाऱ्याच्या शरीरात बी-१ जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, कमी असतं. ते न देता नुसतं ग्लुकोज दिलं तर मेंदूला इजा होऊ शकते. 'थायमिन दिलंत का?' एवढं विचारायला लाजू नका. आणि शेजाऱ्याच्या झोपेच्या गोळ्या आणून देऊ नका.

हे झाल्यावर मिटिंग. गोळ्या चालू असताना मिटिंगला गेलं तर चालतं. कोणी सभासद 'गोळ्या पण नशाच, बंद कर' म्हणाला तर ऐकू नका. सभासदांनी डॉक्टर होऊ नये हे ए.ए.चं स्वतःचंच म्हणणं आहे.

---

रानजाई

निरांजन, एक विचारायचं होतं. 'पिणाऱ्याला न कळता दारू सोडवा' अशी पावडर मिळते. बायका चहातून, भाजीतून देतात. हे कितपत सुरक्षित?

---

निरांजन

अजिबात नाही, ताई. या पुड्यांत काय आहे ते पाकिटावर लिहिलेलं नसतं, आणि कधी कधी त्यात डायसल्फिराम निघतं. ते डॉक्टरचं औषध आहे. यकृतात दारूचं विघटन होताना मध्ये अॅसिटाल्डिहाइड तयार होतं. पुढे त्याचं विघटन करणारं विकर (एन्झाइम) हे औषध अडवतं. मग दारू पोटात गेली की चेहरा लाल, डोकं ठणकणं, उलट्या, रक्तदाब खाली. हृदयविकार असलेला माणूस यात दगावू शकतो. ज्याला गोळी घेतल्याचं माहीत आहे तो प्यायचं टाळतो, आणि औषध काम करतं ते याच भीतीमुळे. ज्याला माहीतच नाही तो पितो.

समजून-उमजून घेणाऱ्यांसाठीही दोन सूचना. शेवटचा घोट घेऊन निदान १२ तास झाल्याशिवाय सुरू करायचं नाही. आणि गोळी बंद केल्यावरही १४ दिवसांपर्यंत परिणाम राहू शकतो. या काळात द्राक्षासव, दशमूलारिष्ट अशी आसवं-अरिष्टंही नकोत. त्यांत आंबवण्यातून तयार झालेलं अल्कोहोल असतं, बाटलीवर तसं छापलेलंही असतं. खोकल्याच्या औषधाचं लेबल वाचा.

---

दुपारचं ऊन

धन्यवाद. पहिल्या दिवशी बोलावंच लागतं का? सगळ्यांसमोर उभं राहून?

---

उंबरठा

नाही. 'मी आज फक्त ऐकणार आहे' म्हटलं की झालं. नाव सांगितलं तरी फक्त पहिलं नाव. आडनाव, गाव, नोकरी, जात कोणी विचारत नाही, आणि कोणी विचारलीच तर न सांगण्याचा हक्क तुम्हाला आहे.

साधारण तास-दीड तासाचा कार्यक्रम असा. सुरुवातीला काही क्षण शांतता आणि शांतीची प्रार्थना. मग ए.ए. म्हणजे काय हे सांगणारा एक परिच्छेद वाचतात. मिटिंग चालवणारा एखादा विषय किंवा ए.ए.च्या बारा पायऱ्यांपैकी (दारूपासून दूर राहण्याचा ए.ए.चा क्रमवार कार्यक्रम) एक पायरी मांडतो. मग एकेक जण 'मी अमुक, मद्यपी' असं सांगून पाच-सात मिनिटं बोलतो. त्याच्या बोलण्यावर कोणी सल्ला देत नाही, प्रश्न विचारत नाही, वाद घालत नाही. नव्या माणसाला हे आधी विचित्र वाटतं, कारण आपल्याकडे कोणी दुःख सांगितलं की चार जण उपाय सांगतात. पण याच नियमामुळे लोक खरं बोलतात.

मध्ये एक पिशवी किंवा डबा फिरतो. दहा-वीस रुपये टाका किंवा पुढे सरकवा, कोणी बघत नाही. खोलीचं भाडं, चहा, पुस्तकं त्यातून भागतात, बाहेरची देणगी घेत नाहीत.

निघण्यापूर्वी दोन-तीन जणांचे फोन नंबर घ्या. हे काम लाजून टाळू नका. रात्री साडेनऊला तलफ येते तेव्हा मिटिंग नसते, फोन असतो. स्पॉन्सर म्हणजे पायऱ्या समजावणारा जुना सभासद, तो पहिल्या दिवशी ठरवायची घाई नको. चार-सहा मिटिंगा ऐका, ज्याचं बोलणं पटतं त्याला विचारा. पुरुषाने पुरुषाला, बाईने बाईला, हा संकेत पाळा.

प्यायलेल्या अवस्थेत आलात तर हाकलत नाहीत. त्या दिवशी शांत बसून ऐकायला सांगतात.

आणि एका मिटिंगवरून मत बनवू नका. एका ग्रुपमध्ये सगळे साठीचे निवृत्त, दुसऱ्यात रिक्षावाले आणि आय.टी.वाले शेजारी शेजारी. निदान सहा वेळा, तीन वेगवेगळ्या ग्रुपांत जाऊन मग ठरवा.

---

सांजवेळ

देव न मानणाऱ्याने काय करायचं? प्रार्थना, 'उच्च शक्ती' वगैरे ऐकून आमच्याकडचे लोक परत येतात.

---

उंबरठा

तिसऱ्या पायरीतले शब्द 'आपल्याला उमजलेला ईश्वर' असे आहेत, आणि 'उमजलेला' यावर भर आहे. कित्येक जण ग्रुपलाच ती शक्ती मानतात: जे मला एकट्याला जमलं नाही ते या खोलीतल्यांना जमलंय, एवढंच. प्रार्थनेच्या वेळी गप्प उभं राहिलं तर चालतं. तरीही पटलंच नाही तर गोदाकाठ म्हणतील ते पर्याय बघा.

---

गोदाकाठ

लहान गावांबद्दल लिहितो.

तालुक्यात मिटिंग नसेल तर जिल्ह्याच्या गावी असण्याची शक्यता असते, पण ती संध्याकाळी असते आणि परतीची शेवटची एस.टी. निघून जाते. ग्रुपला फोनवर आधीच सांगा. त्याच दिशेने जाणारा कोणीतरी असतो, किंवा रविवारी सकाळची मिटिंग सापडते.

ऑनलाइन मिटिंगा मराठीत आणि हिंदीत आहेत. मिटिंग आयडी आणि पासकोड हेल्पलाइनवर मिळतो. अॅपमध्ये आपलं पूर्ण नाव दिसतं, ते आत जाण्यापूर्वी बदला. मुलाच्या शाळेच्या खात्यावरून लॉग-इन केलं तर त्याचं नाव झळकतं, हे फार वेळा होतं. कॅमेरा बंद चालतो, इअरफोन लावा. फक्त ऑनलाइनवर भागवू नका, महिन्यातून दोनदा तरी प्रत्यक्ष जा.

'९० दिवसांत ९० मिटिंगा' हा नव्या सभासदाला दिला जाणारा सल्ला मुंबई-पुण्यात शक्य आहे. आठवड्याला एकच मिटिंग असलेल्या गावात ती एक, रोज एक ऑनलाइन आणि रोज एका सभासदाला फोन, असं जुळवा.

ए.ए.शिवायचे रस्ते: पुण्याचं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून आहे. ३५ दिवसांचे निवासी उपचार आणि नंतर पाठपुरावा. पाठपुराव्याचे गट इतर अनेक शहरांत भरतात, आपल्या जवळचा कोणता ते त्यांच्या कार्यालयात विचारा. व्यसनी पुरुषांच्या बायकांसाठी त्यांचा 'सहचरी' गट आहे आणि व्यसनी स्त्रियांसाठी 'निशिगंध' हा वेगळा विभाग. कृपा फाउंडेशन १९८१ पासून, मुळात वांद्र्याचं. दारूबंदी असलेल्या गडचिरोलीत मुक्तिपथ या व्यसनविरोधी उपक्रमाची तालुका पातळीवर क्लिनिक आहेत. दारूबंदीच्या जिल्ह्यात व्यसनी माणूस नसतो असं समजू नका, तो चोरून आणि महाग पितो, आणि भीतीने मदतही मागत नाही.

काहीच सापडलं नाही तर १४४४६ ही केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची टोल-फ्री हेल्पलाइन. मन फारच खचलं असेल, जीव द्यावासा वाटत असेल तर टेलिमानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन १४४१६, दिवसरात्र, मराठीतही बोलता येतं.

---

रानजाई

आणि माणूस यायलाच तयार नसेल तर? घरच्यांनी काय करायचं?

---

कवडसा

घरच्यांनी स्वतः जायचं. अल-अॅनॉन ही पिणाऱ्यांच्या नातेवाइकांची वेगळी संघटना आहे, आणि किशोरवयीन मुलांसाठी अल-अटीन. पिणारा सोडो न सोडो, तुम्ही जाऊ शकता. बाटल्या मोजणं, ऑफिसला खोटा फोन करून 'ताप आहे' सांगणं, उधारी फेडणं, यातलं काय थांबवायचं आणि कसं, हे तिथे इतरांकडून शिकायला मिळतं.

मिटिंगचा विषय काढायचा तो सकाळी, तो शुद्धीत असताना, आणि एकदाच. पत्ता-वेळ लिहिलेला कागद हातात द्या. रात्री प्यायलेल्याला शपथ घालण्यात अर्थ नाही, सकाळी त्याला आठवतही नाही.

---

मांडवी

गोव्याची भर. इथे मिटिंगा बऱ्याचशा चर्चच्या हॉलमध्ये, कोंकणी आणि इंग्रजीत होतात. हॉल चर्चचा असला तरी ए.ए.चा कोणत्याही धर्माशी संबंध नाही, बिनधास्त जा.

स्त्रियांबद्दल: मिश्र मिटिंगमध्ये एकटीच बाई असाल तर पहिल्या वेळी ओपन मिटिंगला बहिणीला किंवा मैत्रिणीला घेऊन जा. फक्त स्त्रियांच्या मिटिंगा मोठ्या शहरांत आणि ऑनलाइन आहेत, हेल्पलाइनवर 'स्त्री सभासदाशी बोलायचंय' असं थेट सांगा. 'एकटी भेटू, कॉफी घेऊ' असं कोणी पुरुष सभासद सुरुवातीच्या महिन्यांत म्हणाला तर नाही म्हणा आणि ग्रुपमधल्या जुन्या माणसाच्या कानावर घाला.

---

सांजवेळ

आमच्या तालुक्यात मिटिंग नाहीच, पण सोडलेले दोघे जण आहेत. दोघांवर ग्रुप होतो का?

---

पायवाट

होतो. दोन-तीन मद्यपी दारूपासून दूर राहण्यासाठी एकत्र बसले आणि दुसऱ्या कोणाशी संलग्न नसले, तर तो ए.ए. ग्रुप, असं ए.ए.च्या परंपरांतच (ग्रुप कसे चालावेत याच्या तत्त्वांत) आहे.

जागा अशी बघा की तिथे जाणारा माणूस लोकांच्या डोळ्यांत भरणार नाही. वाचनालयाची खोली, दवाखान्याचा व्हरांडा, शाळेचा वर्ग चांगला. पुढाऱ्याचं कार्यालय नको आणि चौकातलं समाजमंदिरही नको. जागा फुकट मिळाली तरी महिन्याला काही भाडं द्या, पावती घ्या. नाहीतर सहा महिन्यांनी देणाऱ्याची उपकाराची भाषा सुरू होते. वार आणि वेळ ठरवताना बाजाराचा दिवस टाळा आणि शेवटची एस.टी. बघा. मुंबईच्या कार्यालयात ग्रुपची नोंद करा म्हणजे यादीत येतं, मराठी पुस्तकंही तिथूनच मागवा. सिव्हिलच्या डॉक्टरला, पोलिस ठाण्याला आणि मेडिकल दुकानदाराला वार-वेळ लिहिलेलं कार्ड देऊन ठेवा.

सुरुवातीचे दोन-तीन महिने तुम्ही दोघेच असाल. तरी ठरलेल्या वेळी दार उघडा, पूर्ण तास बसा. एखाद्या आठवड्यात 'कोणी येत नाही' म्हणून कुलूप राहिलं आणि नेमका त्याच दिवशी कोणी आला, तर तो पुन्हा येत नाही. 

आणि खोलीची किल्ली दोघांकडे ठेवा. एकजण लग्नाला गेला म्हणून मिटिंग बुडते.